ऑर्थोपेडिक सर्जनची प्रकाशनं आणि सायटेशन कशी मोजायची: आधी यादी, मग आकडा

मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. प्रमोशनचा अर्ज असो, फेलोशिप असो की पीजी गाइडची मान्यता, ऑर्थोपेडिक्सचे डॉक्टर माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, माझा एच-इंडेक्स किती?" पेपरांची संख्या आणि त्यांना मिळालेले सायटेशन, म्हणजे दुसऱ्या पेपरांत संदर्भ म्हणून झालेले उल्लेख, एकत्र धरणारा हा आकडा. बहुतेकांनी तो गूगल स्कॉलर या गूगलच्या फुकट शोधसेवेवर आधीच पाहिलेला असतो, तसाच अर्जात टाकलेलाही असतो.

चूक इथेच होते. आकडा यादीतून निघतो, आणि यादी तर अजून झालेलीच नसते. यादीत दुसऱ्याचे पेपर घुसले असतील किंवा आपले निम्मे बाहेर राहिले असतील, तर कोणतंही संकेतस्थळ बरोबर आकडा देऊ शकत नाही. म्हणून पुढचे टप्पे याच क्रमाने करा. टप्पा ५ ला थेट उडी मारलेल्यांना मी दरवेळी टप्पा १ वर परत पाठवलं आहे.

## तयारी: बसण्याआधी हाताशी काय हवं

- सध्याचा बायोडेटा, आणि जुने सापडत असतील तर तेही. जुन्या बायोडेटात विसरलेले पेपर सापडतात.
- प्रत्येक पेपरची पीडीएफ. निदान पहिलं पान तरी हवंच, कारण नाव, संस्था आणि लेखकांचा क्रम तिथेच छापलेला असतो.
- आजवर जिथे जिथे नोकरी, रेसिडेन्सी किंवा फेलोशिप केली त्या संस्थांची यादी, वर्षांसह.
- एक वैयक्तिक ईमेल आणि एक संस्थेचा ईमेल.
- रिकामी एक्सेल शीट.
- स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स (पेपर आणि त्यांचे सायटेशन नोंदवणाऱ्या सशुल्क सेवा) यांचं सभासदत्व असलेल्या ग्रंथालयाचा संगणक. घरून काम करणार असाल तर दूरस्थ लॉगिन आधी सुरू करून घ्या.

पंचवीस-तीस पेपर असतील तर पहिल्यांदा दोन संध्याकाळी जातील. अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी हे काम होत नाही, कारण टप्पा ४ मधल्या दुरुस्त्या समोरच्या कंपनीकडून व्हायला काही आठवडे लागू शकतात.

## टप्पा १: आपल्या नावाची सगळी रूपं लिहून काढा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, म्हणून लोक तो गाळतात. निम्मी गडबड मात्र इथूनच सुरू होते.

आपल्याकडे नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं. एकाच माणसाचे पेपर "पाटील एस", "पाटील एस आर" आणि "सचिन आर पाटील" अशा तीन रूपांत छापले जातात. कधी जर्नल वडिलांच्या नावालाच आडनाव समजतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरांची तर दोन वेगळी माणसंच तयार होतात: एमएसच्या थीसिसवरचा पेपर एका नावाने आणि पुढचे सगळे दुसऱ्या. पाटील, जोशी, कुलकर्णी, देशमुख, शहा अशी आडनावं असतील तर त्याच आद्याक्षरांचे शेकडो लेखक जगात आहेत असं धरूनच चाला.

हेच संस्थांच्या नावांचंही आहे. केईएम रुग्णालय मुंबईतही आहे आणि पुण्यातही. बी. जे. मेडिकल कॉलेज पुण्यात आहे तसंच अहमदाबादेतही. मुंबईच्या केईएममधला एक लेखक "केईएम हॉस्पिटल" लिहितो, दुसरा "सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज". सायन हॉस्पिटल आणि लोकमान्य टिळक महानगरपालिका वैद्यकीय महाविद्यालय ही एकच जागा आहे, हे संगणकाला आपोआप कळत नाही. जुन्या पेपरवर "बॉम्बे" आणि "औरंगाबाद" आहे, नव्यावर "मुंबई" आणि "छत्रपती संभाजीनगर".

एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे नावाची सगळी छापील रूपं, उजवीकडे संस्थांची. त्यांतून एक रूप कायमचं ठरवा. यापुढचा प्रत्येक पेपर त्याच स्पेलिंगने आणि त्याच आद्याक्षरांनी जाईल.

तपासा: पीडीएफवर छापलेलं नाव पाहून रूपं लिहिली आहेत ना? आठवणीतून लिहिलेल्या यादीत एखादं रूप हमखास सुटतं.

## टप्पा २: मूळ यादी स्वतः बांधा

यादी कोणत्याही संकेतस्थळावरून उतरवून घेऊ नका. आधी बायोडेटा आणि पीडीएफवरून एक्सेलमध्ये यादी करा, मगच ती संकेतस्थळांशी ताडून पाहा. उलट क्रमाने गेलात तर संकेतस्थळाच्या चुका तुमच्या यादीत उतरतात आणि पुढे त्या कुणाला दिसतही नाहीत.

प्रत्येक पेपरसाठी एक ओळ. रकाने असे: शीर्षक, जर्नलचं पूर्ण नाव, वर्ष, खंड, अंक, पानं, डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक), पबमेड क्रमांक (पबमेड ही वैद्यकीय पेपरांची अमेरिकन मोफत सूची), एकूण लेखक किती, आपण कितवे, करस्पॉन्डिंग ऑथर (पेपरबद्दल पत्रव्यवहार करणारा लेखक) आहात का, पेपरचा प्रकार, अभ्यासाच्या पद्धतीवरून ठरणारी पुराव्याची पातळी. वर्षाचे दोन रकाने ठेवा, एक ऑनलाइन आल्याचं आणि दुसरं अंकात छापल्याचं. डिसेंबरमध्ये ऑनलाइन आलेला आणि मार्चच्या अंकात छापलेला पेपर बायोडेटात दोनदा मोजला गेलेला मी पाहिला आहे, आणि त्यात फसवण्याचा हेतू अजिबात नव्हता.

प्रकाराच्या रकान्यात काटेकोर राहा. मूळ संशोधन, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू किंवा मेटा-अॅनालिसिस, केस सिरीज, केस रिपोर्ट, सर्जिकल टेक्निक, संपादकाला पत्र, पुस्तकातलं प्रकरण, हे वेगवेगळे लिहा. आयोएकॉन, मोएकॉन किंवा वायरॉक या ऑर्थोपेडिक परिषदांमध्ये वाचलेला पेपर हे सादरीकरण आहे. त्याचा गोषवारा जर्नलच्या पुरवणीत छापला गेला असला तरी तो "परिषद गोषवारे" या वेगळ्या पानावर जातो, पूर्ण पेपरांमध्ये बसत नाही.

ऑर्थोपेडिक्समध्ये आणखी एक गुंता आहे, मोठ्या बहुकेंद्री चाचण्यांचा. उघड्या फ्रॅक्चरमधली जखम धुण्यावरची फ्लो चाचणी २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली, आणि तिच्यात भारतातली केंद्रंही होती. अशा चाचण्यांत ज्यांनी रुग्ण नोंदवले त्यांची नावं बहुधा "इन्व्हेस्टिगेटर" म्हणून येतात, लेखक म्हणून नाहीत. पबमेडसुद्धा ती वेगळी दाखवतो. हे काम मोठं आहे आणि ते जरूर दाखवावं, पण "चाचणीतील सहभाग" या शीर्षकाखाली. त्या पेपरचे शेकडो सायटेशन स्वतःच्या बेरजेत घेतले तर छाननी करणारा पहिल्याच मिनिटाला थांबतो, आणि पुढची खरी यादीही त्याला संशयास्पद वाटू लागते.

यादी झाली की पबमेडच्या अॅडव्हान्स्ड सर्चमध्ये लेखक आणि संस्था हे रकाने निवडून नावाची सगळी रूपं टाका. इथे दोन मर्यादा लक्षात ठेवा. लेखकांची पूर्ण नावं पबमेडमध्ये २००२ पासूनच मिळतात, त्याआधी फक्त आद्याक्षरं. आणि २०१४ च्या आधीच्या नोंदींत साधारणपणे फक्त पहिल्या लेखकाची संस्था असते. म्हणजे २००९ च्या पेपरात तुम्ही तिसरे लेखक असाल तर संस्थेच्या नावाने शोधून तो सापडणार नाही. तिथे शीर्षकानेच शोधावं लागेल.

सावध: यादीतल्या प्रत्येक पेपरचं जर्नल आत्ताच तपासा. एनएलएम (अमेरिकेचं राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय) कॅटलॉगमध्ये जर्नल उघडलं की ते मेडलाइनमध्ये, म्हणजे त्या ग्रंथालयाने निवडलेल्या जर्नलांच्या सूचीत, आहे का ते लिहिलेलं असतं. पबमेडमध्ये दिसणं आणि मेडलाइनमध्ये असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्कोपसने बंद केलेल्या जर्नलांची यादीही पाहा. नामांकित जर्नलच्या नावात एखादा शब्द इकडेतिकडे करून काढलेली बनावट जर्नलं ऑर्थोपेडिक्समध्येही आहेत, आणि इम्पॅक्ट फॅक्टरची (जर्नलच्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) नक्कल करणारे "ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर" असले आकडे त्यांच्याच पानांवर झळकतात. असा पेपर असेल तर तो लपवू नका, पण इंडेक्स्ड (मान्य सूचीतला) म्हणूनही लिहू नका.

## टप्पा ३: ऑर्किड काढा, एकच

ऑर्किड म्हणजे संशोधकाचा सोळा अंकी क्रमांक. तो फुकट मिळतो आणि नोकरी, आडनाव, शहर काहीही बदललं तरी बदलत नाही. शेवटच्या जागी कधी अंकाऐवजी एक्स हे अक्षर येतं, ते चुकीचं नाही.

१. नोंदणी वैयक्तिक ईमेलने करा आणि संस्थेचा ईमेल दुसरा म्हणून जोडा. फक्त संस्थेचा दिला आणि बदली झाली, की पासवर्ड परत मिळवता येत नाही. मग लोक दुसरं ऑर्किड काढतात आणि गुंता वाढतो.
२. "अल्सो नोन अॅज" या जागी टप्पा १ मधली सगळी रूपं भरा.
३. पेपर हाताने टाइप करत बसू नका. डीओआय किंवा पबमेड क्रमांक देऊन आत घ्या.
४. नोंदी सर्वांना दिसतील अशी सेटिंग ठेवा. बंद ठेवलेलं ऑर्किड छाननी करणाऱ्याला रिकामं दिसतं.

आधीच दोन ऑर्किड झाली असतील तर घाबरू नका. एक मुख्य ठरवा आणि दुसरं त्यात विलीन करण्याची सोय तिथल्याच खात्यात आहे.

## टप्पा ४: प्रोफाइल साफ करा

स्कोपस. स्कोपस लेखकांच्या प्रोफाइल आपोआप बनवतो, तुम्हाला न विचारता. त्यामुळे नावाच्या दोन रूपांच्या दोन प्रोफाइल होतात, आणि दोन्हींत तुमचा एच-इंडेक्स खऱ्यापेक्षा कमी दिसतो. लेखक शोधामध्ये सगळी रूपं टाका आणि तुमच्या जितक्या प्रोफाइल निघतील त्या सगळ्यांवर खूण करा. दुरुस्तीच्या विझार्डमधून त्या एकत्र करायला सांगा, त्याच वेळी दुसऱ्याचे पेपर काढून टाका आणि राहिलेले जोडा. ही दुरुस्ती फुकट आहे.

गूगल स्कॉलर. इथे दुखणं उलटं. स्कॉलर हावरटासारखा सगळं गोळा करतो. गुडघ्याच्या एका सर्जनच्या प्रोफाइलमध्ये मी सोयाबीनच्या वाणांवरचे पेपर पाहिले आहेत, आणि त्यांच्या एच-इंडेक्सचा बराच भाग त्या सोयाबीनवर उभा होता. डॉक्टरांना त्याची कल्पनाही नव्हती. हे टाळायला पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जा आणि नवे पेपर आपोआप जोडण्याऐवजी "आधी ईमेलने विचारा" हा पर्याय निवडा. मग सगळी यादी वरपासून खालपर्यंत मूळ एक्सेलशी ताडून पाहा. एकच पेपर दोनदा असेल तर दोन्ही निवडून मर्ज करा. आकड्याशेजारी तारांकन दिसलं तर त्या बेरजेत दुसऱ्या पेपरचे सायटेशन मिसळलेले असू शकतात, तो पेपर उघडून पाहा.

वेब ऑफ सायन्स. सभासदत्व असेल तर तिथेही हेच करा आणि प्रोफाइल ऑर्किडला जोडा. नसेल तर या टप्प्यासाठी अडून बसू नका.

ऑर्थोपेडिक्समधली एक खास गळती इथेच शोधायची असते. जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरीच्या अमेरिकन आणि ब्रिटिश आवृत्त्यांचे खंड क्रमांक सारखेच चालायचे: २००६ मध्ये एक ८८-ए, दुसरी ८८-बी. ब्रिटिश आवृत्तीचं नाव २०१३ पासून बोन अँड जॉइंट जर्नल झालं. संदर्भ देताना कुणी "ए" किंवा "बी" गाळलं की तो उल्लेख चुकीच्या जर्नलकडे जातो किंवा कुठेच जोडला जात नाही. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलचा टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) उघड्या फ्रॅक्चरसाठीचा स्कोअर २००६ मध्ये याच ब्रिटिश आवृत्तीत आला. तुमचा पेपर त्या काळातला असेल तर स्कोपसमध्ये संदर्भ शोधून न जोडलेले उल्लेख काढा आणि दुरुस्तीसाठी कळवा.

तपासा: तिन्ही ठिकाणी पेपरांची संख्या मूळ यादीशी जुळते का? जिथे जुळत नाही तिथे फरकाचं कारण एका ओळीत लिहिता आलं पाहिजे, उदाहरणार्थ "हे जर्नल स्कोपसमध्ये नाही". कारण सांगता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: आता आकडा काढा

एच-इंडेक्स भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये मांडला. निदान एकदा तो हाताने काढा, म्हणजे तो काय सांगतो आणि काय लपवतो ते कळेल.

समजा एका सर्जनचे बारा पेपर आहेत. सायटेशन उतरत्या क्रमाने: ५८, ३४, २१, १५, ९, ८, ७, ६, ३, २, ०, ०. वरून मोजत या. सातव्या पेपरला ७ आहेत, म्हणजे निदान सात पेपरांना सात किंवा जास्त. आठव्याला ६ आहेत, आठ नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ७. दहा किंवा जास्त सायटेशन असलेले पेपर चार, म्हणून स्कॉलरचा आय-टेन ४. एकूण सायटेशन १६३, आणि त्यातले ९२ पहिल्या दोनच पेपरांचे. सरासरी साडेतेराच्या वर दिसते, पण मधला पेपर ७ ते ८ वर आहे. याच कारणाने नुसती सरासरी देऊ नका.

आकडा नोंदवताना चार गोष्टी सोबत लिहा: कोणतं संकेतस्थळ, कोणती तारीख, स्वतःचे उल्लेख (आपणच आपल्या पेपरचे केलेले) धरून की वगळून, आणि किती पेपरांवर. स्कोपसमध्ये स्वतःचे उल्लेख वगळण्याची सोय आहे. दोन्ही आकडे काढा.

इथे वारंवार होणाऱ्या चुका:

- स्कॉलरचा एच-इंडेक्स आणि स्कोपसची पेपरसंख्या एकत्र लिहिणं. स्कॉलर थीसिस, प्रीप्रिंट (छाननीआधीच ऑनलाइन टाकलेले मसुदे), पुस्तकंही मोजतो, म्हणून तिथला आकडा बहुधा मोठाच येतो.
- स्कॉलरमधला दुसरा रकाना चुकीचा वाचणं. तो गेल्या पाच वर्षांत मिळालेल्या सायटेशनचा आहे, गेल्या पाच वर्षांत लिहिलेल्या पेपरांचा नाही.
- सगळ्या जर्नलांचे इम्पॅक्ट फॅक्टर बेरीज करून "एकूण इम्पॅक्ट फॅक्टर" लिहिणं. इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, माणसाचा नसतो. ही बेरीज पाहिली की अर्ज वाचणाऱ्याचा विश्वास जातो.
- पबमेडमधला "साइटेड बाय" हा एकूण म्हणून देणं. पबमेडच्या बाहेरचे उल्लेख तिथे येत नाहीत.

## टप्पा ६: आकडा कशाशी ताडायचा

ऑर्थोपेडिक्सच्या उत्तम जर्नलांचा इम्पॅक्ट फॅक्टरही बहुधा एक अंकीच असतो. कॅन्सर किंवा हृदयरोगाच्या सहकाऱ्याशी तुलना केली तर हाडांचा डॉक्टर दरवेळी लहान दिसणार. विभागप्रमुखांच्या बैठकीत ही तुलना होते तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण ती न्याय्य नाही.

त्यासाठी विषय आणि वर्ष लक्षात घेणारी मापं वापरा. स्कोपसमधला फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरांशी तुलना करतो आणि जगाची सरासरी १ धरतो. स्कोपस हाताशी नसेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं (एनआयएच) आयसाइट हे फुकट साधन आहे. पबमेड क्रमांकांची यादी टाकली की ते प्रत्येक पेपरचा सापेक्ष सायटेशन दर देतं, तिथे १ म्हणजे एनआयएच-अनुदानित पेपरांची पातळी. टप्पा २ मध्ये पबमेड क्रमांकांचा रकाना ठेवायला सांगितला तो यासाठीच.

आणि सायटेशन कशासाठी मिळाले ते वाचा. ऑर्थोपेडिक्समध्ये सर्वांत जास्त उल्लेख होणाऱ्या पेपरांत स्कोअर आणि वर्गीकरणं आहेत: १९६९ चा हॅरिस हिप स्कोअर, उघड्या फ्रॅक्चरसाठी १९७६ चं गस्टिलो-अँडरसन, खांद्यासाठी १९८७ चा कॉन्स्टंट-मर्ली. हिपचा निकाल लिहिणाऱ्याला हॅरिसचा संदर्भ द्यावाच लागतो. मणक्याच्या क्षयावरचा पेपर मात्र जिल्हा रुग्णालयातल्या सर्जनचा निर्णय बदलू शकतो आणि तरी त्याला सायटेशन कमी मिळतील, कारण मोठ्या संख्येने पेपर लिहिणाऱ्या अनेक देशांत तो आजारच क्वचित दिसतो. म्हणून आपल्या पहिल्या पाच पेपरांचे प्रत्येकी दहा उल्लेख उघडून वाचा. पद्धत वापरली, निष्कर्ष मान्य केला, खोडून काढला, की नुसता प्रस्तावनेत नाव घेतलं? हे एका ओळीत टिपून ठेवा. मुलाखतीत एच-इंडेक्सपेक्षा ही ओळ जास्त उपयोगी पडते.

## टप्पा ७: अर्जात मांडणी

प्रमोशनसाठी आकड्यांपेक्षा पात्र पेपर महत्त्वाचे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत मूळ संशोधन, मेटा-अॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि केस सिरीज धरल्या होत्या, ठरावीक इंडेक्समधल्या जर्नलांतल्या, आणि लेखक पहिल्या तिघांत किंवा करस्पॉन्डिंग असावा अशी अट होती. एकट्या केस रिपोर्टला तिथे जागा नव्हती. २०२५ मध्ये अध्यापकांच्या पात्रतेची नवी नियमावली आली आहे. अर्जाच्या तारखेला जी लागू असेल ती आयोगाच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून वाचा. सहकाऱ्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या जुन्या परिपत्रकावर अर्ज भरून परत आलेले डॉक्टर मी पाहिले आहेत.

मांडणी अशी ठेवा: आधी पात्र पेपर, मग बाकीचे, मग परिषद गोषवारे, मग चाचण्यांतला सहभाग. प्रत्येक पेपरात आपलं नाव ठळक. सायटेशनचा परिच्छेद चार ओळींच्या वर नको. नमुना:

"पूर्ण पेपर १२, त्यांपैकी ५ मध्ये पहिला किंवा करस्पॉन्डिंग लेखक. स्कोपसनुसार सायटेशन १६३, स्वतःचे उल्लेख वगळून १४१. एच-इंडेक्स ७. आकडे अमुक तारखेचे. ऑर्किड क्रमांक अमुक."

सावध: पाठवण्याआधी प्रत्येक डीओआय क्लिक करून पाहा. एखादा पेपर मागे घेतला गेला असेल, अगदी सहलेखकाच्या चुकीमुळे असला तरी, तो यादीत "मागे घेतलेला" असं लिहूनच ठेवा. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची नोंदवही डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफमार्फत २०२३ पासून सर्वांना खुली आहे. छाननी करणारे ती पाहतात.

## टप्पा ८: सहा महिन्यांनी एकदा

जानेवारी आणि जुलै. नवे पेपर एक्सेलमध्ये, मग ऑर्किडमध्ये, मग स्कोपस आणि स्कॉलर ताडून पाहा. अर्धा तास पुरतो. संस्था बदलली तर जुना ईमेल बंद होण्याआधी सगळ्या खात्यांतला पत्ता बदला. पीजी विद्यार्थ्यांना पहिला पेपर पाठवण्याआधीच ऑर्किड काढून द्या आणि नावाचं रूप ठरवून घ्या, म्हणजे त्यांना टप्पा १ पुन्हा करावा लागणार नाही.